पाटा उभा ठेवलेले तीन दिवस

आई,

दुसऱ्यांच्या पोटासाठी रांधणाऱ्या मरोळच्या बाया उद्या संध्याकाळी एकत्र बसणार आहेत. पोळीभाजी केंद्रातल्या, डबे करून देणाऱ्या, इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या कॅन्टीनमध्ये उभ्याने भाकऱ्या थापणाऱ्या, चार-चार घरी पोळ्या लाटत फिरणाऱ्या. त्यांचं गाऱ्हाणं तुझंच आहे. तू ते कधी मोठ्याने बोलली नाहीस, एवढंच. कारखान्याला सुट्टी असते, शाळेला असते, कोर्टाला तर महिना-महिना असते, देवळातला देवसुद्धा जेवून दुपारचा आडवा होतो. चुलीला सुट्टी नाही. रांधणारी बाई तापाने पडली तर तो खाडा. तिच्या घरी कुणी गेलं तरी खाडाच. सुट्टी हा शब्द तिच्यासाठी कुणी वापरतच नाही.

उद्या मी बोलायचं आहे. चाळीस वर्षं मी भाषणं करते आहे आणि एकही लिहून केलेलं नाही. मुलुंडच्या मैदानात, घाटकोपरच्या नाक्यावर, बोरिवलीच्या हॉलमध्ये, कुठेही माईक हातात आला की शब्द आपोआप रांगेत उभे राहतात. पण या वेळी दुपारपासून टेबलापाशी बसले आहे. पहिला शब्द लिहिते, "बायांनो", आणि तिसऱ्या ओळीत तुझ्याशीच बोलायला लागते. तीन कागद फाडले. म्हटलं, आधी हिच्याशीच काय ते बोलून घ्यावं, मग सभेचं बघू.

तुझा पाटा माझ्याकडे आहे. मालवणहून तुझ्या माहेरून आलेला, मधोमध खोलगट झालेला काळा दगड. बाबांची गिरणी बंद पडली त्या वर्षी तू आपल्या चाळीतली पुढची खोली खाणावळीला दिलीस आणि हा पाटा दाराशी मांडलास. सकाळी सहाला खोबरं, मिरची, धणे, तिरफळं घेऊन तू त्याच्यापुढे बसायचीस. मी अंथरुणात असायची आणि वरवंट्याची ती घरघर ऐकून मला वेळ कळायची. पंचवीस माणसांचं वाटण. दोन्ही वेळा. खाली बसून, कंबरेतून वाकून. मला अजून दिसतं, तू वाटता वाटता थांबतेस, मनगटाने कपाळावरचे केस मागे सारतेस, आणि परत वाकतेस. त्या थांबण्याला मी तेव्हा विश्रांती समजत होते.

तू बाहेर बसायचीस ते दिवसही मला आठवतात. महिन्यातले चार. माळ्याच्या शिडीखाली गोणपाटावर, हातात एक वेगळा पेला, आणि घरात शेजारच्या काकी येऊन स्वयंपाक करायच्या. मी तेव्हा सतरा वर्षांची. वाचनालयातली समाजसुधारणेवरची सगळी पुस्तकं मी संपवली होती आणि रक्त नुसतं उकळत होतं. एक दिवस मी तुझा हात धरून तुला शिडीखालून उठवलं, चुलीपाशी आणून बसवलं, आणि काकींसमोर, बाबांसमोर, जेवायला बसलेल्या माणसांसमोर आयुष्यातलं पहिलं भाषण केलं. ज्या रक्तातून माणूस जन्मतो त्याचा विटाळ कसला? बाबा मान खाली घालून जेवत राहिले. काकी पदर झटकून निघून गेल्या आणि त्यानंतर कधी स्वयंपाकाला आल्या नाहीत. मला वाटलं, जिंकले. पुढे शंभर सभांमधून मी ही गोष्ट सांगितली आणि शंभर वेळा टाळ्या घेतल्या.

मग ते आठ प्लंबर आले. ओरिसाचे. आपल्या मरोळ-अंधेरीत तेव्हा जिकडेतिकडे इमारती उठत होत्या आणि नळकामाला माणसं यायची ती त्यांच्या केंद्रापाड्याकडची. बापाने पोराला, पोराने पुतण्याला आणलेलं, गावंच्या गावं पान्हा आणि पाइप घेऊन देशभर पांगलेली. त्यांचा मोठा मिस्त्री पहिल्या दिवशी दाराशी उभा राहून म्हणाला होता, "माउसी, भात को पानी में डालके देगा क्या? रात का भात?" तू त्याच्याकडे बघत राहिलीस आणि खो खो हसलीस. "अरे, शिळो भात पाण्यात घालून मागतंस? आणि मी इतके दीस लाजान लपवून खातंय!" त्याला काही कळलं नाही, पण तोही हसला. ते त्याला पखाळ म्हणायचे. त्या दिवसापासून आपल्या खाणावळीत पखाळ हा पदार्थ झाला. वर भाजलेलं वांगं, कांदा, हिरवी मिरची. चाळीतले आपले लोकही उन्हाळ्यात मागून घ्यायला लागले.

मिस्त्री कमी बोलायचा, पण तू विचारलंस की सांगायचा, आणि तू सारखी विचारायचीस. नकाशावर पूर्व किनारा मी पाठ केला होता, पण तो देश मला कळला तो तुझ्या चौकशांमधून. त्यांच्या खाडीत तिवरांचं रान आहे, आपल्या मनोरीला आहे तसंच पण अफाट, आणि त्यात होडीएवढ्या मगरी. वादळ आलं की हे रान आधी अंगावर घेतं आणि मग गाव वाचतं. जिथे रान तोडलं तिथे समुद्र आत येतो. त्याच्या आजोळचं गाव समुद्राने घर-घर करून खाल्लं होतं. "देऊळ?" तू विचारलंस. तो म्हणाला, देव उचलून मागे नेला, माउसी, देऊळ पाण्यात राहिलं. तू वाढता वाढता पळी हातात धरून तशीच उभी. मग म्हणालीस, "दर्याक खंयचोच देव पुरे पडणा नाय." आणि त्याच्या पानात न विचारता आणखी एक मासा टाकलास.

आता तो जून महिना. मी बावीसची. बोरिवलीला तरुणांचं तीन दिवसांचं शिबिर होतं. त्यात मी स्त्री आणि रूढी या विषयावर असं बोलले होते की समारोपाला लोक उठून उभे राहिले. त्या टाळ्या कानात घेऊन मी दुपारी चाळीत शिरते. आपल्या दारासमोर गर्दी. गॅलरीच्या टोकाला, जिथे कपडे वाळत घालायचे, तिथे एक झोपाळा उभा आहे. दीड इंची पाइपचा सांगाडा, कोपऱ्यांना एल्बो, मध्ये टी, सगळे आटे नीट पाडून घट्ट बसवलेले, आणि दोरांना बांधलेली एक फळी. त्या फळीवर तू. चाळिशी उलटलेली, पंचवीस माणसांची खाणावळ चालवणारी माझी आई पायाने जमीन रेटत झुलते आहेस. पायांच्या कडांना लाल आळता आहे. गालात पान आहे. आत चुलीपाशी तीन प्लंबर घामाघूम, एकाच्या हातात आपली मोठी कढई. तू झोपाळ्यावरून ओरडते आहेस, "अरे, मीठ बघ रे आधी! बघितलंस काय?" आणि काकी आपल्या दारातून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणताहेत, "आता बोरन्हाण पण घाला गो तिका!"

मी आत गेले. पाटा जागेवर नव्हता. तो भिंतीला टेकवून उभा केला होता, त्याच्यावर नवं पिवळं फडकं, वर जास्वंदीचं एक फूल. मी विचारलं, हे काय? मिस्त्रीने कढई खाली ठेवली. तो मला मा म्हणायचा. त्यांच्याकडे लेकीच्या वयाच्या मुलीलाही मा म्हणतात. मान खाली घालून, लाजत, थांबत थांबत त्याने सांगितलं. "मा, ये हमारा रज है. तीन दिन. धरती मां को पाळी आता है. तो उसका आराम. खोदने का नहीं, नांगर नहीं, पीसने का नहीं. ये पथर है ना, ये भी धरती है. चौथे दिन उसको नहलाएगा. और औरत लोग भी तीन दिन काम नहीं करेगा." म्हणूनच ते कामावर गेले नव्हते. बिल्डरच्या मुकादमाने ड्रेनेजच्या लाइनसाठी चर खणायला सांगितला होता. हे म्हणाले, वरचे पाइप बसवतो, जमिनीला हात लावणार नाही. मुकादमाने शिव्या घालून हाकलून दिलं होतं. तीन दिवसांची मजुरी बुडवून ते आठ जण येऊन तुझ्या चुलीपाशी उभे राहिले होते.

मी यातलं काय ऐकलं? एकच शब्द ऐकला. पाळी. आणि माझ्या आतला वक्ता जागा झाला. मी गॅलरीत येऊन तुझ्यासमोर उभी राहिले. "आई, पाच वर्षांपूर्वी मी तुला शिडीखालून उठवलं ते याच्यासाठी? पुन्हा शिवाशिव पाळायला लागलीस? आणि तेही परक्या पुरुषांनी सांगितलं म्हणून? बाईला बाजूला बसवून झालं, आता जमिनीलाही बसवणार?" चाळ ऐकत होती. शेजारच्या खोल्यांतले लोक बाहेर आले होते. मला थांबता येईना. मी आत गेले, फूल काढून फेकलं, फडकं ओढलं, पाटा आडवा पाडला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यासमोर बसले. खोबरं घेतलं, मिरच्या घेतल्या आणि वाटायला लागले. अर्धं खोबरं इकडेतिकडे उडत होतं. वरवंटा बोटावर आला. मी वाटत राहिले. आठही माणसं बघत होती. मिस्त्रीने डोळे मिटले, जसे आपण कुणी मेलेल्या माणसाच्या अंगावरून पाय टाकून गेलं तर मिटतो, आणि तो बाहेर जिन्यावर जाऊन बसला.

तू झोपाळ्यावरून उतरलीस. मला वाटलं तू ओरडशील. तू माझ्यासमोर जमिनीवर बसलीस आणि माझं चेचलेलं बोट तुझ्या पदरात धरलंस.

"चेडवा, तुझां बोलणां सगळां खरां आसा," तू म्हणालीस. "विटाळ-बिटाळ काय नसता. माका पण म्हायती. पण एक सांग माका. आदी मी चार दीस भायर बसा होतंय. लाज वाटा होती, पण बसा होतंय तरी. तू माझो विटाळ काढलंस, बरां केलंस. पण ते चार दीस खंय गेले गो? ते पण चुलीतच गेले मा?"

मी बोट सोडवायला गेले, तू पदर घट्ट धरलास.

"तू माका उठवलंस. ह्येंनी माका बसयलां. मानान बसयलां, पायांक आळतो लावन, गोड करून खावक दिवन. त्यांची धरतरी भायर बसता तेवा सगळो गाव झोपाळो बांधता. आणि मी भायर बसा होतंय तेवा माका गोणपाट. तुका ह्यो फरक दिसना नाय? इतकी पुस्तकां वाचलंस ती कोणासाटी?"

आई, चाळीस वर्षांत माझ्यावर विरोधकांनी खूप टीका केली. दगड आले, चपला आल्या, निनावी पत्रं आली. त्या दुपारच्या प्रश्नाएवढं मला काहीच लागलं नाही. ते चार दिवस कुठे गेले? काकी यायच्या बंद झाल्या आणि तुझे वर्षातले पन्नासेक दिवस, लाजेचे का होईना, पण टेकायचे दिवस, माझ्या टाळ्यांमध्ये गेले. मी तुझं बंधन तोडलं आणि त्याच झटक्यात तुझी एकमेव सुट्टीही तोडली. तुझ्या जागी पाट्यापुढे बसायचं मात्र मला त्या पाच वर्षांत एकदाही सुचलं नाही. मी शिबिरांना जात होते. स्त्रीमुक्तीवर बोलायला.

मी जेवले नाही. मुलुंडला मैत्रिणीकडे निघून गेले, आणि तिलाही तुझं नाही तर माझंच सांगितलं. चौथ्या दिवशी परत आले ती सकाळी सकाळी, तू उठायच्या आत पोचावं म्हणून. पण तुम्ही सगळे आधीच उठला होतात. पाटा मोरीजवळ ठेवला होता. मिस्त्रीच्या हातात हळद होती. तू माझ्याकडे तांब्या दिलास.  मी पाणी घातलं, तू हळद लावलीस, बाळंतिणीला न्हाऊ घालतात तसं त्या दगडाला तुम्ही न्हाऊ घातलं, पुसलं, कुंकू लावलं, आणि मगच तो आडवा केला. त्या दिवशी दुपारी कोलंबीच्या आमटीत तू मी वाटलेलं ते जाडंभरडं वाटण घातलंस, काकींच्या घरच्या बर्फाच्या पेटीत तीन दिवस ठेवलेलं. तू अन्न कधी फेकलं नाहीस. सगळे जेवत होते, दाताखाली खोबऱ्याचे तुकडे करकरत होते. शेवटी मिस्त्री म्हणाला, "अच्छा है, मा. इतना दिन दांत को काम नहीं था." आणि पंगत फुटली. तूही हसलीस, मीही. आदल्या दिवसाचा पोडो पिठा उरला होता, तांदूळ, उडीद, गूळ आणि खोबऱ्याचा, केळीच्या पानात निखाऱ्यावर रात्रभर भाजलेला. तू माझ्या ताटात एक वडी ठेवलीस आणि म्हणालीस, "बघ, ही तर आपली तवसोळी. नुसतां तवसां नाय." काकडी नव्हती, एवढाच फरक.

त्यानंतर तू मरेपर्यंत दर वर्षी पाटा उभा राहिला. मला त्याचा काय अभिमान आहे ते मी तुला कधी नीट सांगितलं नाही, म्हणून आज सांगते. दुसऱ्या वर्षी मागच्या चाळीतल्या डबेवाल्या बाईने तिचा पाटा उभा केला. तिसऱ्या वर्षी काकी, बोरन्हाणवाल्या काकी, न बोलता येऊन झोपाळ्यावर बसल्या आणि उठायलाच तयार होईनात. आपल्या कोकणात मिरग निघाला की कोंबडी कापतात, ते तू सोडलं नाहीस, फक्त शिजवायला पुरुषांना लावलंस. पहिल्या वर्षी बाबांनी हळदीच्या जागी मोहरी घातली. चौथ्या वर्षी त्यांची कोंबडी आपल्या चाळीत गाजली. एक सण समुद्राच्या त्या काठावरून निघून या काठावर आला, आणि त्याला आणायला ना पुढारी लागला, ना साहित्य संमेलन. आठ प्लंबर आणि एक खाणावळवाली पुरली. या शहराच्या मोठेपणाबद्दल लोक पुस्तकं लिहितात. मी म्हणते, मुंबई मोठी असेल तर एवढ्यानेच आहे. मरोळला आजही ते तीन दिवस पाळणाऱ्या म्हाताऱ्या आहेत. त्यांना विचारलं तर म्हणतात, ही आमच्या कोकणातलीच चाल.

तू गेलीस, खाणावळ संपली, चाळीच्या जागी आता बावीस मजले आहेत. पण झोपाळा आहे. बिल्डर म्हणाला होता, मॅडम, हे भंगार कशाला, फायबरचा नवा लावून देतो. मी सोसायटीच्या सभेत उभी राहिले आणि म्हटलं, या पायपातून आजपर्यंत पाण्याचा एक थेंब गेलेला नाही, तरी या मरोळमधलं सर्वात चांगलं नळकाम हेच आहे, याला हात लावून दाखवा. नाही लावला. खालच्या बागेत पोरं अजून त्याच्यावर झुलतात. सगळे आटे जिथल्या तिथे आहेत.

आणि मी तिकडे जाऊन आले, आई. तू गेल्यावर तीन वर्षांनी, मुद्दाम जूनमध्ये. तू विचारलेल्या सगळ्या गोष्टी डोळ्यांनी बघून आले. तिवरांचं रान आहे. मगरी आहेत. समुद्र अजून आत येतो आहे. उन्मळलेली नारळाची झाडं लाटांत आडवी पडली आहेत, एका शाळेची भिंत वाळूत अर्धी उभी आहे. आणि त्या खचत्या किनाऱ्यावरचे लोक, ज्यांच्या पायाखालची जमीन रोज जाते आहे, ते वर्षातले तीन दिवस जमिनीला म्हणतात, तू नीज, आम्ही तुला टोचणार नाही. मी थक्क झाले. आपल्याकडे मरोळला जमिनीला एक रात्र उसंत नाही. आज मेट्रोसाठी, उद्या केबलसाठी, परवा कुणीतरी काहीतरी पुरलं ते विसरलं म्हणून. झाडाझाडाला झोपाळे होते, मुली नव्या साड्यांत, पान खाऊन तोंडं लाल केलेल्या, मोठमोठ्याने गात होत्या. सगळं गोड होतं असं मी म्हणणार नाही. त्याच गावात दर महिन्याला सुनेला चार दिवस स्वयंपाकघराबाहेर ठेवतात हेही मी पाहिलं. तिथेही मी मोडक्या हिंदीत भाषण ठोकलं. झोपाळ्यावरच्या मुली हसून हसून पडल्या, पण त्यांतली एक उतरून माझ्याजवळ आली आणि म्हणाली, फिर से बोलो. तू असतीस तर तुला आवडली असती.

मिस्त्री थकला होता. अंगणात खाटेवर बसून होता. तू गेल्याचं मी सांगितलं तेव्हा त्याने खाटेवर सरकून मला जागा करून दिली. मग म्हणाला, "माउसी का पथर?" माझ्याकडे आहे, मी म्हटलं. "खडा करती है ना, मा?" मी म्हटलं, हो. मग त्याने मला तोंड वर करून नीट पाहिलं. या माणसाला चाळीतली ती दुपार चांगली आठवत असणार. त्याने विचारलं, "और तेरे घर में खाना कौन बनाता?" मी म्हटलं, एक बाई येतात, मावशी म्हणतो आम्ही त्यांना, सहा वर्षं झाली. "उसको तीन दिन छुट्टी?" आणि मी, आई, क्षणाचाही विचार न करता, सभेत बोलावं तशा खणखणीत आवाजात म्हटलं, "हो. नक्कीच."

खोटं होतं. पाटा मी उभा करते हे खरं आहे, दर वर्षी, पिवळं फडकं घालून, दिवाणखान्यात, आलेल्या-गेलेल्यांना गोष्ट सांगता यावी अशा जागी. आणि त्याच्याच शेजारून मावशी सकाळी सातला आत जातात, पोळ्या लाटतात, मिक्सरवर वाटण काढतात. मिक्सर काही दगड नसतो, असं मी स्वतःला सांगत आले. मिस्त्रीशी खोटं बोलून परत आल्यावर तरी मी सुधारायचं. नाही सुधारले. कधी पाहुणे होते, कधी माझा दौरा होता, कधी आठवणच झाली नाही. मागच्या वर्षी त्याच तीन दिवसांत त्यांच्या नातवाला ताप होता आणि मी कॅलेंडरवर त्यांच्या नावापुढे फुली मारली. खाडा.

म्हणून कागद फाटत होते, हे आता कळतं आहे. उद्याच्या सभेत मावशी तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसणार आहेत. मला म्हणाल्या, "ताई, तुमचं भाषण आहे ना, मी येते. लवकर पोळ्या करून ठेवते आणि येते."

तिकडे उद्या पहिली रज. सभेत मी एकच मागणी मांडणार आहे. भत्ता नको, सत्कार नको, साडी नको, मिरगाचे हे तीन दिवस रांधणाऱ्या प्रत्येक बाईला पगारी सुट्टी. आणि ती मागायला मालकाच्या दारात जायचं नाही. पाटा उभा करायचा, लाटणं उभं करायचं, आणि घरी बसायचं. हे मी उद्या त्यांना सांगेन आणि त्या टाळ्या वाजवतील. पण त्याच्या आधी सकाळ आहे.

हे पत्र कुठे पाठवणार? घडी घालून पाट्याच्या मागे ठेवते, फडक्याच्या आत. सकाळी सातला बेल वाजेल. मी स्वतः दार उघडेन, आणि जे मी अकरा वर्षांत एकदाही म्हटलं नाही, ते तिथेच उंबऱ्यावर म्हणेन: मावशी, चप्पल काढू नका. मागे फिरा आणि घरी जाऊन झोपा.